कोल्हापुरातील पर्यटन व्यवसायासाठी संकेतस्थळ कसे उभारावे

पर्यटकाचा पहिला फोन येतो तेव्हा तो काय काय विचारतो, हे ज्या व्यावसायिकाला नीट ठाऊक आहे, त्याच्याकडे चांगल्या संकेतस्थळाचा निम्मा मजकूर तयारच असतो. अंबाबाईच्या देवळापासून तुमची जागा किती लांब आहे, चालत जाता येईल का, चारचाकी लावायला जागा आहे का, महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरल्यावर खोली लगेच मिळेल की दुपारपर्यंत थांबावे लागेल, बरोबर वयस्कर आई-वडील आहेत तर पायऱ्या किती चढाव्या लागतील, श्रावण चालू आहे तर शाकाहारी स्वयंपाकाची भांडी वेगळी असतात का, हे प्रश्न कोल्हापुरात यात्री निवास, घरगुती निवासव्यवस्था, सहलीच्या गाड्या किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकाला रोज ऐकावे लागतात. तरीही आपल्याकडील बहुतेक संकेतस्थळांवर या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. तिथे संस्थापकांचे मनोगत असते, सरकत्या छायाचित्रांची पट्टी असते आणि ‘अविस्मरणीय अनुभव’ असतो. ते वाचून पर्यटक शेवटी फोनच करतो, किंवा दुसऱ्याकडे जातो.

म्हणून संकेतस्थळ बनवणाऱ्याकडे जाण्याआधी एक वही करावी. एखाद्या महिन्यात फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेले सगळे प्रश्न, विचारणाऱ्याने जसे विचारले त्याच शब्दांत, त्या वहीत उतरवावेत. जवळजवळ प्रत्येक जण जे विचारतो त्याचे उत्तर पहिल्या पानावर आले पाहिजे. जे निम्मे लोक विचारतात त्याला स्वतंत्र पान द्यावे, आणि क्वचित येणारे प्रश्न ‘नेहमीचे प्रश्न’ या पानावर एकत्र करावेत. पानांची रचना, मथळे, बटणे या सर्व गोष्टी या वहीतून ठरतात. रंग कोणता, बोधचिन्ह कसे, हे नंतर पाहता येते.

पहिले पान

पान उघडताच मोबाइलच्या पडद्यावर, खाली न सरकवता जेवढे दिसते, तेवढ्या जागेत चार गोष्टी स्पष्ट झाल्या पाहिजेत: आपण काय देतो, कुठे देतो, साधारण किती पैशांत देतो आणि संपर्क कसा साधायचा. ‘निसर्गाच्या सान्निध्यात आपले सहर्ष स्वागत’ या मथळ्यातून यांपैकी एकही गोष्ट कळत नाही. त्याऐवजी पन्हाळ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्याने असे लिहावे: ‘पन्हाळगडावर चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान. कोल्हापूर शहरापासून सुमारे २० किलोमीटर. गाडी दारापर्यंत येते. घरचे जेवण, शाकाहारी स्वयंपाक स्वतंत्र.’ या चार वाक्यांत कौतुकाचे एकही विशेषण नाही, पण कुटुंबाला घेऊन निघालेल्या माणसाला आपल्या उपयोगाची जागा हीच की नाही, ते यावरून ठरवता येते.

दर लिहावेत की लिहू नयेत, यावर आपल्याकडे बराच घोळ घातला जातो. दर लिहिले तर शेजारचा व्यावसायिक त्याहून कमी करील, ही भीती अनेकांना वाटते. माझे स्पष्ट मत असे आहे की दर लिहिलेच पाहिजेत. ज्याला दर परवडणारा नाही तो फोन करत नाही, त्यामुळे दोघांचाही वेळ वाचतो. आणि ज्याला परवडतो त्याच्या मनात ‘माझी गाडी पाहून भाव सांगतील का’ ही शंका उरत नाही. दर एकच नसेल तर तसे मोकळेपणाने मांडावे. एरवीचे दिवस, शनिवार-रविवार, नवरात्र, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना यांचे दर वेगळे असतील तर ते साध्या तक्त्यात द्यावेत. दरात नाश्ता धरला आहे का, कर धरला आहे का, लहान मुलांचे किती आणि जादा गादीचे किती, हे त्याच तक्त्याखाली लिहावे. हा तक्ता मजकुराच्या रूपात असावा. छापलेल्या दरपत्रकाचे छायाचित्र काढून चढवले तर ते मोबाइलवर वाचता येत नाही, गूगलसारख्या शोधयंत्राला त्यातील मजकूर नीट उमगेल याची खात्री नसते, आणि दर बदलला की नवे छायाचित्र चढवायचे राहून जाते.

ठिकाणांची माहिती: खरे काम इथे आहे

आपल्या व्यवसायाचे नाव ज्याने ऐकलेले नाही, असा पर्यटक ठिकाणाच्या शोधातून आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे आपण ज्या ज्या ठिकाणी लोकांना नेतो, किंवा आपले पाहुणे जिथे जातात, त्या प्रत्येक ठिकाणाचे स्वतंत्र पान असावे. हे पान दुसरीकडून उतरवून घेऊ नये. पन्हाळा २०२५ साली ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या १२ किल्ल्यांच्या मालिकेतून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले, ही माहिती पानावर अवश्य असावी; पण ती शेकडो ठिकाणी मिळते. जी माहिती इतरत्र मिळत नाही ती आपल्याजवळ असते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी कोणत्या क्रमाने पाहिली म्हणजे तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही, कोणत्या ठिकाणी गाडी जवळ जाते आणि कुठे चालावे लागते, पावसाळ्यात धुके दाटले की सज्जा कोठीवरून खालचे काहीच दिसत नाही म्हणून सकाळची घाई करण्यात अर्थ नसतो, हे गडावर राहणाऱ्यालाच सांगता येते आणि पर्यटकाला तेच हवे असते.

खिद्रापूरचे उदाहरण पाहा. कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, त्याचे ४८ खांब आणि वर आकाशाला उघडे ठेवलेले वर्तुळ यांची छायाचित्रे पाहून पर्यटक येतो. मात्र हे गाव कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटरवर, शिरोळ तालुक्याच्या टोकाला कृष्णाकाठी आहे आणि वाटेत नरसोबाची वाडी लागते, हे त्याला ठाऊक नसते. सहल काढणाऱ्याने या दोन ठिकाणांचे एकत्रित पान करावे. किती वाजता निघायचे, आधी वाडीचे दर्शन की आधी खिद्रापूर, जेवण कुठे, वाडीची बासुंदी आणि पेढे घ्यायला किती वेळ ठेवायचा, अंधार पडण्याआधी परत यायचे तर निघण्याची वेळ कोणती, हा सगळा दिवस तासागणिक लिहावा. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाडीच्या मंदिरात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडते, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा होतो, तेव्हा एकीकडे भाविकांची गर्दी उसळते आणि दुसरीकडे वाटेतले रस्ते पाण्याखाली जाण्याचा धोका असतो. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, सारख्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

ऋतू आणि तिथी यांना जोडलेली पाने आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहेत. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये मावळतीची किरणे अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत येतात. त्या किरणोत्सवासाठी येणारा माणूस आधीच शोध घेऊ लागतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, आश्विनात नवरात्र आणि शाही दसरा, मेअखेरीस राधानगरीच्या रानातील काजवे, असे वर्षभराचे चक्र आहे. प्रत्येकाचे पान किमान दोन-तीन महिने आधी प्रसिद्ध करावे आणि त्या पानाचा वेब-पत्ता दरवर्षी तोच ठेवून फक्त तारखा बदलाव्यात. नव्या वर्षाला नवे पान केले तर जुन्या पानाने शोधयंत्रात मिळवलेले स्थान वाया जाते. या पानांवर हमी देऊ नये. ढग आले तर किरणे पोहोचत नाहीत, पाऊस लवकर आला तर काजवे दिसण्याचे दिवस हुकतात, आणि पावसाळ्यात दाजीपूरची जंगल सफारी बंद असते. ‘गवे हमखास दिसतील’ असे लिहून बोलावलेला पाहुणा गवे न पाहता परतला, तर त्याने लिहिलेला अभिप्राय पुढची अनेक वर्षे तिथेच राहतो.

पूरस्थितीचे पान तर जुलै-ऑगस्टसाठी अनिवार्यच मानावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्या माणसाला मात्र त्याची कल्पना नसते. एक कायमची सूचना पुढीलप्रमाणे तयार ठेवावी: ‘राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी इशारा पातळीच्या वर गेल्यास आम्ही आरक्षण केलेल्या प्रत्येकाला स्वतःहून फोन करतो. रस्ता बंद झाल्यास तारीख विनाशुल्क बदलून मिळेल किंवा पूर्ण रक्कम परत मिळेल.’ अशी सूचना वाचून पाहुणा घाबरेल असे वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यात येऊ की नको या विचारात असलेल्या माणसाला या तीन वाक्यांमुळे निर्णय घेता येतो.

नावांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. आपल्याकडे एकाच ठिकाणाला दोन-दोन नावे रुळलेली आहेत: अंबाबाई आणि महालक्ष्मी, नरसोबाची वाडी आणि नृसिंहवाडी, जोतिबा आणि वाडी रत्नागिरी. बाहेरचा माणूस यांपैकी कोणतेही नाव टाकून शोध घेतो, म्हणून पानाच्या मजकुरात दोन्ही नावे सहज येतील अशी वाक्यरचना करावी. पण ‘कोल्हापूर हॉटेल, स्वस्त हॉटेल कोल्हापूर, बेस्ट हॉटेल कोल्हापूर’ अशी शब्दांची रास पानाच्या तळाशी ओतण्याचा जो सल्ला काही जण देतात तो मानू नये. अशी भरताड गूगलच्या नियमांना धरून नाही आणि माणसालाही ती वाचायला नको वाटते.

छायाचित्रे आणि वेग

छायाचित्रे स्वतःच्या जागेचीच असावीत. खोलीचे छायाचित्र दिवसाउजेडी, खिडकी उघडून, पलंग आणि दार दोन्ही दिसतील असे काढावे; न्हाणीघराचेही एक छायाचित्र द्यावे, कारण कुटुंब घेऊन येणारा माणूस ते पाहिल्याशिवाय निर्णय घेत नाही. जेवणाच्या ताटाचे छायाचित्र आपल्याच स्वयंपाकघरातील असावे. तांबडा-पांढरा रस्सा दाखवण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या ताटाचे चित्र उचलणे बेकायदा तर आहेच, आणि समोर वेगळे ताट आले की पाहुण्याच्या ते तत्काळ लक्षात येते. चित्रात माणसे ओळखू येत असतील तर त्यांची परवानगी घ्यावी. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांचे फोटो कौतुकाने लावणे टाळावे.

मोबाइलने काढलेले एकेक छायाचित्र चार-पाच एमबीचे असते आणि ते तसेच चढवले की पान जड होते. गगनबावडा, आंबा घाट, दाजीपूर या पट्ट्यांत मोबाइलची रेंज कमी-जास्त होते आणि नेमका तिथेच उभा असलेला पर्यटक आपले पान उघडत असतो. प्रत्येक छायाचित्राची रुंदी १६०० पिक्सेलच्या आत आणावी, ते वेबपी (WebP) या हलक्या चित्रस्वरूपात साठवावे आणि आकार साधारण २०० केबीच्या आत ठेवावा. गूगलने चांगल्या पानासाठी ठरवलेली कसोटी अशी आहे की पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे गूगलचे साधन मोफत आहे. त्यात आपल्या पानाचा पत्ता टाकला की नेमके कशामुळे पान रेंगाळते ते कळते. आपोआप वाजणारे संगीत, पहिल्या पानावरचा चलच्चित्राचा भाग आणि सरकती पट्टी या तीन गोष्टी काढल्या तरी बऱ्याच संकेतस्थळांचा वेग लक्षणीय सुधारतो.

पत्ता केवळ नकाशाच्या चौकटीत देऊन भागत नाही, कारण रेंज नसली की नकाशा उमटत नाही. रस्ता शब्दांत लिहावा: ‘कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागा, केर्लीच्या पुढे वाघबीळला पन्हाळ्याकडे वळा,’ आणि त्यापुढे आपल्या दारापर्यंतच्या खुणा द्याव्यात.

भाषा आणि अक्षरे

मराठी पान आधी नीट लिहावे, त्यानंतर इंग्रजी. अंबाबाईच्या दर्शनाला कर्नाटकातून, आंध्र आणि तेलंगणातून मोठ्या संख्येने भाविक येतात, म्हणून ज्यांचा व्यवसाय देवळाच्या परिसरात आहे त्यांनी निदान दर, पत्ता आणि संपर्क एवढे एक पान कन्नड आणि तेलुगूत, ती भाषा बोलणाऱ्या जाणकाराकडून लिहून घ्यावे. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा आणि कोणते पान कोणत्या भाषेतले आहे हे शोधयंत्राला कळवणारी ‘एचरेफलँग’ ही खूण लावायला बनवणाऱ्यास सांगावे.

मराठी मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातच असला पाहिजे. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला अगम्य अक्षरे दिसतात आणि शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान कोरेच राहते. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे मोफत फॉन्ट पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. देवनागरीत मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. तयार साच्यातले अंतर तसेच ठेवले तर वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवावा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना पुष्कळदा टक्केचिन्हे आणि आकडे यांच्या लांबच लांब ओळीत बदलतो, आणि तो दुवा पाहून पाहुण्याला फसवणुकीची शंका येते.

चौकशी, आरक्षण, पैसे

पाच-सहा खोल्यांच्या व्यवसायाला सुरुवातीलाच महागडी आरक्षण यंत्रणा लागत नाही. फोनचे बटण, व्हॉट्सॲपचे बटण आणि चार रकान्यांचा अर्ज एवढे पुरते: नाव, मोबाइल क्रमांक, तारखा, माणसे किती. अर्ज भरल्यावर ‘आम्ही इतक्या वेळात उत्तर देऊ’ हे तिथेच दिसावे आणि तो शब्द पाळावा. खोल्या बाहेरच्या आरक्षण संकेतस्थळांवरही देत असाल तर दोन्हीकडची दिनदर्शिका एकमेकींशी जोडून घेणे आवश्यक आहे. नवरात्रात एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली तर त्या रात्री शहरात दुसरी खोली मिळणे कठीण असते.

आगाऊ रक्कम यूपीआयने घेणे सर्वांत सोपे. नुसत्या क्यूआर चित्रावर भागवायचे असेल तर खात्याचे नाव आणि व्यवसायाचे नाव यांचा मेळ स्पष्ट करावा, नाहीतर पैसे पाठवणारा अडखळतो. पेमेंट गेटवे (संकेतस्थळावरच पैसे स्वीकारणारी सेवा) घेतल्यास तो सहसा व्यवहारामागे शुल्क आकारतो, ते दर ठरवतानाच हिशेबात धरावे. रद्द करण्याचे नियम दोन-तीन ओळींत, तारखेच्या हिशेबाने लिहावेत: किती दिवस आधी कळवल्यास किती रक्कम परत, आणि ती किती दिवसांत.

पाहुण्यांची माहिती साठवताना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानात ठेवावा. जेवढी माहिती कामाला लागते तेवढीच घ्यावी, ती कशासाठी घेतो हे अर्जाजवळ लिहावे, आणि संकेतस्थळाच्या अर्जातून आधारचे छायाचित्र मागवू नये. ओळखपत्र पाहुणा दारात आल्यावर पाहता येते.

नकाशावरील नोंद

संकेतस्थळाच्या बरोबरीने गूगलवरील व्यवसायाची मोफत नोंद पूर्ण करावी. तिथले नाव, पत्ता आणि फोन क्रमांक संकेतस्थळावरील नोंदीशी तंतोतंत जुळला पाहिजे. नकाशावरची खूण स्वतः जागेवर उभे राहून तपासावी. घाटातल्या आणि वाडीवस्तीवरच्या जागांची खूण बरेचदा भलत्याच फाट्यावर पडलेली असते. जाताना पाहुण्याला अभिप्रायाची विनंती करावी, विकत किंवा नातेवाइकांकडून अभिप्राय घेऊ नयेत, आणि तक्रारीच्या अभिप्रायाला वाद न घालता, काय दुरुस्त केले ते सांगणारे उत्तर द्यावे.

मालकी आणि देखभाल

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आपल्या स्वतःच्या नावावर, आपल्या ईमेलवर आणि आपल्याच मोबाइल क्रमांकावर नोंदवलेले असावे. पुष्कळदा बनवणारा ते स्वतःच्या नावावर घेतो, पुढे त्याचा धंदा बंद पडतो किंवा व्यवहार बिनसतो आणि वर्षानुवर्षे छापलेल्या कार्डांवरचा पत्ता हातचा जातो. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ यांपैकी जे मिळेल ते घ्यावे, नाव आखूड आणि फोनवर सांगताना चुकणार नाही असे निवडावे. होस्टिंगचे (संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवतात त्या सेवेचे), डोमेनचे आणि संकेतस्थळाच्या आतल्या बाजूचे पासवर्ड लेखी घ्यावेत. काम संपल्याचे शेवटचे पैसे त्यानंतर द्यावेत. पाहुणा आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारे, म्हणजे एचटीटीपीएस, प्रमाणपत्र बसवलेले असावे. ते मोफतही मिळते.

प्रसिद्ध करण्याआधी पानाची चाचणी घरच्यांकडून घेऊ नये. पुण्याच्या किंवा बेळगावच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला दुवा पाठवावा आणि ‘दोन दिवसांसाठी चौघांची खोली किती रुपयांना पडेल, आणि तिथे पोहोचायचे कसे’ एवढेच शोधायला सांगावे. तो फोनवर आपल्याला विचारू लागला, तर ते उत्तर पानावर कुठे असायला हवे होते ते लगेच कळते. ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या मोफत साधनात लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले ते दिसते; महिन्यातून एकदा ते पाहून वहीतील प्रश्नांशी ताडून घ्यावे.

देखभालीची वेळ आपल्याच वर्षचक्रावर बसवावी. गुढीपाडव्याला नवे दर आणि मे महिन्याची उपलब्धता, मृगाआधी पूरसूचना आणि रस्त्यांची माहिती, श्रावण लागला की नवरात्राच्या तारखा व दर, ऑगस्टअखेर नोव्हेंबरच्या किरणोत्सवाचे पान आणि दिवाळीनंतर डोमेन-होस्टिंगच्या नूतनीकरणाची तारीख तपासणे, एवढी पाच कामे दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावीत आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्या माणसाचे नाव घालावे.